तीन-चाळीसची पाहुणी

१

दुपारचा डबा खाऊन झाला की ठिणगी नोंद वाचायला बसायची. साइटवर काल कोण आलं, कुठलं पान उघडलं, किती वेळ थांबलं, कधी निघून गेलं, हे सगळं टेबलाखालचं यंत्र आपलं आपण लिहून ठेवायचं. येणाऱ्याचं नाव त्यात नसायचं. फक्त आकड्यांचा पत्ता असायचा, म्हणजे माणूस कुठल्या यंत्रावरून आला त्याचा. कुणी चोरटा कडी वाजवून बघतोय का, एवढ्यापुरतीच ती त्यात डोकावायची, आणि सात दिवस झाले की नोंद पुसून टाकायची.

ती एकवीस वर्षांची होती. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं, कारण तिथले सर मागच्या वर्षीच्या मुलांच्या वह्या उतरवून काढायला लावायचे आणि त्याला प्रयोग म्हणायचे. घरात व्हायचा तो तमाशा झाला. बाबा सहा महिने तिच्याशी भिंतीकडे बघून बोलले. शेवटी मावशीनं, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीनं, तिला उचलून आपल्या संस्थेत आणून बसवलं. संस्था कसली, शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. बाहेर तीन खुर्च्या आणि पाण्याचं पिंप, आत टेबल, कपाट आणि ते यंत्र. ज्या बायकांना घरात मार बसतो त्यांनी साइटवर यायचं, वाचायचं, धीर झाला तर फॉर्म भरायचा. मग मावशी फोन करायची. मावशी तीस वर्षं नर्स होती. पलीकडच्या श्वासावरून तिला कळायचं की त्या बाईच्या पाठीशी कुणी उभं आहे का.

ठिणगीनं साइट हातात घेतली तेव्हा तिचा नुसता चव्हाटा झालेला होता. कोपऱ्यात हवामान दाखवणारी एक पट्टी होती, आणि ती पट्टी ज्यांची होती त्यांना रोज सांगायची की आज इथे कोण कोण येऊन गेलं. फॉर्म उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा. कुठल्या गावाहून किती बायका आल्या याचा नकाशा पहिल्याच पानावर, ठिपक्यांसकट. एका खेड्यावर एकच ठिपका होता, म्हणजे ती बाई कोण हे त्या गावाला सहज कळलं असतं. तो बघून ठिणगी दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. पट्टी काढली, नकाशा काढला, फॉर्मला पाकीट आणि कुलूप केलं. आणि प्रत्येक पानाच्या वरच्या कोपऱ्यात एक लाल बटण ठेवलं. घरात पाऊल वाजलं की बाईनं ते दाबायचं, पान मिटून तिथे शब्दकोश उघडायचा.

बटणावर काय लिहायचं यावरून मात्र वाजलं.

"बाहेर पडा, असं लिहिते," ठिणगी म्हणाली.

"नको. 'येते' लिही," मावशी म्हणाली.

"अगं, जायचंय तिला."

"मग? निघताना कोणी 'जाते' म्हणतं का? येते म्हणायचं."

"मावशी, ह्या बायका घरातून सुटायला बघताहेत. परत कशाला येतील?"

"म्हणूनच. निघताना तरी माणसासारखं निघू देत."

ठिणगीनं कपाळाला हात लावला आणि 'येते' लिहिलं.

मंगळवारच्या नोंदीत एक ओळ होती. दुपारी तीन-चाळीसला कुणी आलं, अकरा मिनिटं थांबलं, 'येते' दाबून गेलं. पत्त्याच्या जागी जे आकडे होते ते ठिणगीला पाठ होते. यंत्र जेव्हा स्वतःशीच बोलतं तेव्हा ते उमटतात. म्हणजे आलेलं माणूस याच यंत्रावरून आलं होतं. आणि मंगळवारी तीन-चाळीसला या यंत्रासमोर ठिणगी स्वतः बसली होती, नखं खात.

२

आपणच एखादं काम यंत्राला लावून दिलं असेल आणि विसरलो असू, असं तिनं ठरवलं. सगळी कामं तपासली. तसलं एकही नव्हतं.

बुधवारी तीन-चाळीसला पुन्हा. गुरुवारीही. दरवेळी तेच पान, "आम्ही तुमच्याबद्दल काय ठेवतो". ते पान ठिणगीनं एका रागाच्या दुपारी एकटाकी लिहिलं होतं. त्यात सात प्रश्न होते, एकेक दाबला की त्याचं उत्तर उघडायचं. मदतीसाठी आलेल्या बायका हे पान कधी वाचत नसत, त्यांना कुठला वेळ? ही मात्र सातही प्रश्न ओळीनं उघडायची. सातव्यावर सगळ्यात जास्त थांबायची. "माझा पत्ता कुणाला मिळेल का?" असा तो प्रश्न. उत्तर एका ओळीचं होतं. "कुणालाही नाही, कारण आम्ही तो ठेवतच नाही."

यंत्र यंत्रासारखं वाचतं, सगळं एका झटक्यात. ही माणसासारखी वाचत होती. मध्येच पाचव्यावरून दुसऱ्यावर परत जायची, बोट ठेवून पडताळल्यासारखी.

शुक्रवारी ठिणगी घड्याळ बघत बसली. तीन-एक्कावन्नला 'येते' उमटलं आणि बाहेरच्या खोलीत फुस्स असा आवाज झाला. पिंपाजवळच्या रेक्झिनच्या खुर्चीत कुणी बसलं की हवा सुटून तसा आवाज व्हायचा. ती बाहेर गेली. कुणी नव्हतं. लाल रेक्झिनवर एक खोलगट जागा होती. ती बघता बघता वर आली, सावकाश, गुडघेदुखीचं माणूस उठतं तशी.

जुनं रेक्झिन, गरम दुपार, आत हवा फुगणारच. ठिणगीनं स्वतःला हे बजावलं, आणि आत येऊन दार लोटलं. एरवी ती दार कधी लोटत नसे.

इतक्यात वकीलकाका आले. काका संस्थेचे विश्वस्त होते, निवृत्त वकील, आणि त्यांना आपल्या आवाजाचं फार प्रेम. फॉर्म त्यांनीच ठरवला होता. नाव, सध्याचा पत्ता, हात उगारतो का, शेवटचं कधी, घरात आणखी कुणाला माहीत आहे. यातलं 'सध्याचा पत्ता' त्यांनी महिन्याभरापूर्वी सक्तीचं करायला लावलं होतं. पत्ता लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे. आलेला प्रत्येक फॉर्म ते स्वतः छापायचे, भोकं पाडून निळ्या फाइलमध्ये लावायचे आणि खाली सही ठोकायचे.

"काका, पत्ता काढते मी," ठिणगी म्हणाली. "मावशीला फोन पुरतो. पत्ता कशाला हवाय?"

"रेकॉर्ड, पोरी. कागदावर आहे तेच खरं."

"साइटवर लिहिलंय की आम्ही पत्ता ठेवत नाही."

"मग ते वाक्य बदल."

"वाक्य खरं आहे. फाइल खोटी आहे."

काका हसले. हे हसू तिला कॉलेजपासून ओळखीचं होतं. वीस वर्षं एकच चूक केली की तिचा अनुभव होतो, तो अनुभव असं हसतो. "सिस्टर, तुमची भाची वकील व्हायला हवी होती," ते मावशीला म्हणाले.

मावशीनं नुसती मान डोलवली. काकांसमोर मावशी कधीच काही बोलत नसे. डॉक्टर बोलले की मान डोलवायची, तीस वर्षांची ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. ठिणगीला काकांपेक्षा त्याचाच जास्त संताप यायचा.

३

सोमवारी एका बाईला फोन लावायचा होता म्हणून ठिणगीनं तिचा फॉर्म उघडला. फोन होता, नाव होतं. पत्ता कोरा. सक्तीचा रकाना, तो कोरा राहूच शकत नव्हता. तिनं आणखी बघितलं. चार जणींचे पत्ते गेले होते. पाहुणी येऊ लागल्याला चारच दुपारी झाल्या होत्या.

राखून ठेवलेली प्रत तिच्या स्वतःच्या पेटीत, घरी, कपड्यांखाली होती. ती बस पकडून गेली आणि घेऊन आली. त्या प्रतीतही चार पत्ते कोरे.

कुणीतरी घुसलंय. चोर आहे, हुशार आहे, तिनं मनाशी म्हटलं. घरच्या पेटीत कसा शिरला, हा प्रश्न तिनं तात्पुरता बाजूला ठेवला. मग तिला निळी फाइल आठवली.

फाइल कपाटात होती. चार पानं तिनं काढली. छापील नाव, छापील उत्तरं, खाली काकांची ऐटदार सही. 'सध्याचा पत्ता' याच्यापुढे नुसता पांढरा कागद. तिनं पान खिडकीशी धरून उजेडात बघितलं. खरवडल्याची खूण नाही, डाग नाही. बोट फिरवलं तर कागद नव्यासारखा गुळगुळीत. काकांच्या लक्षात यायचा प्रश्नच नव्हता. फाइल लावणारे फाइल कधी वाचत नाहीत.

काका करतील का? त्यांच्या अंगात तेवढी माया नाही. मावशी? मावशीला यंत्र चालू करता येत नाही. उरली ती स्वतः. रात्र रात्र झोप नसते, रागाच्या भरात आपणच केलं आणि आता आठवत नाही? हा विचार सगळ्यांत वाईट होता, कारण तो सगळ्यांत पटण्यासारखा होता.

तिनं तेच केलं जे कुणीही शहाण्यानं केलं असतं. त्या आकड्यांच्या पत्त्याला साइटचं दार बंद करून टाकलं.

तीन-चाळीसला नोंदीत ओळ आली. 'नाकारलं'. लगेच दुसरी, 'नाकारलं'. मग तिसरी. दोन-दोन, तीन-तीन सेकंदांनी ओळी येत राहिल्या आणि पडद्यावरून खाली सरकत राहिल्या. शिव्या नाहीत, तोडफोड नाही, कुलपाशी खटपट नाही. नुसतं दार वाजवणं. अकरा मिनिटांत दोनशे चौसष्ट वेळा. मग थांबलं. बाहेरच्या खोलीत त्या दिवशी काही वाजलं नाही, आणि ठिणगीला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. एखाद्याला उन्हात उभं करून दार लावून घ्यावं तसं वाटत राहिलं.

त्याच दिवशी सकाळी एक नवा फॉर्म आला होता. बाई चार दिवसांपूर्वी घर सोडून निघाली होती आणि एका मैत्रिणीकडे लपली होती. काकांच्या कृपेनं मैत्रिणीचा पत्ता सगळा लिहिलेला होता, दाराच्या रंगासकट. काकांनी तो छापला आणि फाइलला लावला.

४

मंगळवारी साडेतीनला काका आले ते एका माणसाला घेऊन. कडक इस्त्रीचा शर्ट, चकचकीत बूट, बोलणं असं मऊ की कापसात घालून ठेवावं. सकाळच्या फिरण्यातली ओळख, काका म्हणाले. बायको रागावून गेलीय. घरच्या कॉम्प्युटरवर आपल्या साइटचं नाव दिसलं त्यांना.

ठिणगीचं लाल बटण पान मिटायचं, पण मागचा माग पुसत नव्हतं. तो बाईनं आपल्या हातानं पुसावा लागतो, आणि तसं ठळक लिहायचं ती उद्यावर ढकलत आली होती.

"मला तिला आणायचंच आहे असं नाही हो, मॅडम," तो माणूस मावशीला म्हणाला. "फक्त माफी मागायचीय. समोर उभं राहून."

"घर सांधलं जात असेल तर आपण आडवं का यायचं?" काका म्हणाले. "ठिणगी, ती निळी फाइल आण."

"नाही," ठिणगी म्हणाली.

"पोरी, मी विश्वस्त आहे. कालचा कागद मीच लावलाय."

मावशी आतल्या दाराच्या उंबऱ्यात उभी होती. ठिणगीनं तिच्याकडे बघितलं. मावशीनं मान खाली घातली.

"आणते," ठिणगी म्हणाली. ती आत गेली आणि कपाटातून फाइल काढली. शेवटचं पान. पत्ता जागच्या जागी, काळा कुळकुळीत. यंत्राच्या पडद्यावर तिचं स्वतःचं पान उघडं होतं, सातवा प्रश्न. कुणालाही नाही, कारण आम्ही तो ठेवतच नाही.

तेव्हा तिला समजलं. त्या पाहुणीनं काही चोरलं नव्हतं. ती रोज येऊन हे वाक्य वाचायची आणि मग रोज एक पत्ता पुसून तेवढ्यापुरतं ते खरं करून जायची. आणि काल ठिणगीनं तिला दारातूनच हाकललं होतं.

घड्याळात तीन-एकोणचाळीस झाले होते. तिनं घातलेली बंदी उठवली. मग पडद्याकडे बघत हात जोडून बसायचं की काय? वाक्य तिनं लिहिलं होतं. तिनं फाइलमधून पान ओढलं, ते भोकांपाशी टर्रकन फाटलं, त्याचे चार, आठ, सोळा तुकडे केले आणि फरशी पुसायच्या बादलीत टाकून हातानं कालवले. मग बाकीची पानं. लगदा झाला. ओल्या हातानं तिनं यंत्रातली पत्त्यांची सगळी जागा पुसली, फॉर्ममधला रकाना उडवला, राखीव प्रत पुसली.

बाहेर काका म्हणत होते, "तोवर बसा ना. बसा."

तो माणूस पिंपाजवळच्या खुर्चीत बसायला वाकला आणि अर्ध्यात झटका बसल्यासारखा सरळ झाला.

"माफ करा हं, ताई," तो म्हणाला. "लक्षात आलं नाही."

मावशी उंबऱ्यात होती, ठिणगी तिच्या मागे. खुर्चीत कुणी नव्हतं.

"कोण हो?" काकांनी विचारलं.

त्या माणसानं त्यांच्याकडे बघितलं नाही. तो खुर्चीकडे बघून हसत होता, तेच ते मऊ हसू. मग ओठ तसेच राहिले आणि बाकीच्या चेहऱ्यावरून हसू गळून गेलं. त्यानं आपलं पूर्ण नाव सांगितलं. जरा थांबून आपला पत्ता सांगितला, मजला, कितवं दार, बेल कुठली. पुन्हा थांबला. या वेळी बराच वेळ.

"हो," तो म्हणाला.

कुठलाच प्रश्न कुणाला ऐकू येत नव्हता. पण खोलीतल्या तिघांनाही प्रश्न पाठ होते. फॉर्म त्यांचाच होता.

"मागच्या बुधवारी," तो म्हणाला. "दाराशी." मग, लहान मुलासारखं, "आईला. आईला माहीत आहे."

ठिणगीनं खुर्चीकडे एकदाच बघितलं. रेक्झिन दबलेलं होतं. खुर्चीच्या लोखंडी हातावर वाफेचा एक पुसट तळवा उमटला होता, पाच बोटं, त्यातलं एक वाकडं, मोडून तसंच जुळलेलं. ती बघत असतानाच वाफ कडेनं विरायला लागली. ठिणगीनं मान फिरवली. त्याहून जास्त बघायचा आपल्याला काही हक्क नाही, असं तिला वाटलं, का ते मात्र सांगता आलं नसतं.

माणूस भिंतीला धरून जिना उतरला. खाली शिंप्याचं मशीन चालत होतं, ते क्षणभर थांबलं आणि पुन्हा चालू झालं.

५

काका उभेच होते. "त्यांना बरं नसावं," ते म्हणाले. "फाइल कुठेय?"

ठिणगीनं बादली पुढे केली.

"रेकॉर्ड नष्ट केलंस तू. कळतंय का तुला?"

"कळतंय. त्यानं काय कबूल केलं ते तुम्हाला कळलं का?"

काकांनी तोंड उघडलं, आणि त्यांच्या आधी मावशी बोलली. आवाज चढवला नाही. वॉर्डात नातेवाइकांना बाहेर काढतात तसं ती बोलली. "वकीलसाहेब, तुम्ही आता घरी जा. यापुढे कपाटाची किल्ली माझ्याकडे राहील. आणि कुणालाही इथे घेऊन यायचं नाही."

"सिस्टर—"

"जा म्हटलं ना."

काका गेले. माफी त्यांनी मागितली नाही, मागणारही नव्हते. पण दारात ते वळले, खुर्चीकडे बघितलं, आणि बाजूनं जागा सोडून गेले, बसलेल्या माणसाच्या पायांना धक्का लागू नये म्हणून जातात तसे.

मावशीनं लगेच त्या बाईला फोन लावला. नवरा माग काढतोय, माझ्याकडे पत्ता नाही आणि मला नकोय, पण आहेस तिथे राहू नकोस. बाईनं फार विचारलं नाही. तिची एक बहीण होती, लांब, दोन गाड्या बदलून जावं लागेल अशा ठिकाणी. आत्ताच निघते, म्हणाली. त्यानंतर तिचा फोन बंद झाला तो बंदच राहिला.

ठिणगीनं संध्याकाळपर्यंत काम केलं. मागचा माग कसा पुसायचा ते सोप्या चार ओळींत सगळ्यांत वर लिहिलं. सात दिवसांची नोंद ठेवणंही बंद केलं. चोरट्यांवर नजर ठेवायला दुसरी सोय केली, तिला येणाऱ्या बायका दिसतच नाहीत अशी. शेवटची कळ दाबायच्या आधी तिचं बोट जरा अडलं. नोंद गेली की तीन-चाळीसला कुणी येतं की नाही हेही पुन्हा कधी कळणार नव्हतं. मग तिनं कळ दाबली.

दिवस जात होते. मावशी रोज सकाळी तो नंबर लावायची आणि रोज रिसीव्हर ठेवून चहा टाकायची. ठिणगी मनातल्या मनात सगळ्या वाईट शक्यता एकापुढे एक मांडायची. ती त्यात तरबेज होती. बसथांब्यावर कडक इस्त्रीचा शर्ट दिसला की ती पुढच्या थांब्यापर्यंत चालत जायची. खुर्ची कधी वाजायची, कधी नाही. तिनं आतलं दार लोटणं सोडून दिलं होतं.

नवव्या दिवशी फॉर्मच्या पेटीत एक संदेश होता. नावाची जागा रिकामी. फोन नाही. हात उगारतो का, शेवटचं कधी, सगळं रिकामं. खाली, जिथे वाटेल ते लिहायची मोकळी जागा होती, तिथे एकच शब्द होता. 'पोचले.'

कुठल्या यंत्रावरून आला, किती वाजता पाठवला, हे शोधायला ठिणगीनं सवयीनं हात पुढे नेला आणि मग मागे घेतला. शोधायला काही उरलेलंच नव्हतं. तिनंच काढून टाकलं होतं.

"मावशी," तिनं हाक मारली. "इकडे ये. कुणीतरी पोचलंय."

मावशी पदराला हात पुसत आली, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आणि तो एक शब्द दोनदा वाचला. मग तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"कोण गं? तीच ना?"

"माहीत नाही," ठिणगी म्हणाली. आयुष्यभर हे उत्तर दिल्याबद्दल तिला कुणी ना कुणी उभं करून ठेवलं होतं. आज ती खुर्चीत मागे टेकली आणि मावशीकडे बघून पुन्हा एकदा म्हणाली, मजेत, "खरंच माहीत नाही."